ढोमणेकाकांची तंबूगाडी

ढोमणेकाका दर रविवारी सकाळी आपल्या गाडीची चाकं पाव फेरा फिरवायचे. जॅक लावून चाक उचलायचं, तेवढंच फिरवायचं आणि परत खाली टेकवायचं. गाडी जागची हलायची नाही. ती ओढायला मोटार लागते आणि काकांकडे होती सायकल.

मी तेव्हा बदली होऊन साताऱ्याहून नागपूरला आलो होतो, त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत. पहिल्याच रविवारी विचारलं, "चाकं का फिरवता, काका?"

"एकाच अंगावर उभं राहिलं का टायर चपटं होते," काका म्हणाले. "माणसाचंही तसंच आहे. तू दिवसभर खुर्चीत बसून राहतो ना? पाहून घे."

गाडी म्हणजे दोन चाकांची लांबट लोखंडी पेटी. झाकण दोन्हीकडे उघडलं की दोन पलंग व्हायचे आणि मधून जाड कॅनव्हासचा तंबू उभा राहायचा. काका मोजणी खात्यात होते. नोकरीची तीस वर्षं जंगलांत तंबू ठोकून काढली. निवृत्त झाल्यावर खात्याच्या लिलावातून ही गाडी घरी आणली. लग्नाचं विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं गा. मुलीकडचे पाहाले येत, तंवर आमचा कॅम्प पुढं गेलेला राहे."

कॅनव्हासला साबण लावायचा नाही, फक्त थंड पाणी आणि मऊ ब्रश. शिवणीवर मेण घासायचं. चेन अडू नये म्हणून तिच्यावर मेणबत्ती फिरवायची. उंदरांसाठी डांबरगोळ्या, कसरीसाठी निंबाचा पाला. मे महिन्यात ऊन दाखवायचं ते सकाळी आठपर्यंतच. "आपल्या नागपूरचं ऊन म्हणजे लाड नाही, शिक्षा आहे," असं त्यांचं मत होतं. एकदा माझ्या बायकोने त्या झाकणावर सांडग्या मिरच्या वाळत घातल्या. काकांनी एकेक मिरची उचलून ताटात भरली आणि ताट आमच्या दारात आणून ठेवलं. "सूनबाई, मिठानं पत्रा गंजते वं. मिरच्या मात्र चांगल्या झाल्या." ताटात चार कमी होत्या.

गाडीला बोट लावायची मुभा कोणालाच नव्हती. मलाही दोन वर्षांनी मिळाली, तीही हात धुऊन.

त्या वर्षी दसऱ्याला काकांनी गाडी उघडून तिची पूजा केली, झेंडूचा हार घातला. आमची गल्ली दीक्षाभूमीच्या वाटेवर. सकाळपासून पांढऱ्या कपड्यांतली माणसं लांबलांबच्या गावांहून चालत येत होती. दुपारी अचानक पाऊस कोसळला. पाच मिनिटांत आमच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. काका तंबू मिटायला धावले, मी दुसरी बाजू धरली.

फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. मागे तिची सून, पदराखाली तान्हं लेकरू.

"दादा, लेकराले पाजाचं आहे. जरासा आडोसा भेटन का?"

काकांनी तंबूकडे पाहिलं. मग त्या दोघींच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे. मला वाटलं, आता नियम सुरू होतील.

"या," ते म्हणाले. आणि मला, "सोड गा दोरी. उघडू परत."

नियम सांगितले, पण एकच. "कॅनव्हासले आतून हात लावू नका, बाई. ओला असताना लावला का तिथूनच गळते."

म्हातारीने लगेच पाठ टेकवली आणि तिच्या मानेवर पाण्याची धार लागली. "मोठा लाजाळू आहे जी तुमचा तंबू," ती म्हणाली. काका हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दोघी दोन दिवस राहिल्या. लेकराने गादी ओली केली, सुनेने दोरीवर लंगोट वाळत घातले, म्हातारीने पायरीवर बसून पान खाल्लं. काका चहाची किटली घेऊन घरातून तंबूत आणि तंबूतून घरात. निघायच्या दिवशी म्हातारीने विचारलं, "एवढं निगुतीनं ठेवता, यात राहते कोण?"

"कोणी नाही."

"असं कसं," म्हातारी म्हणाली.

काका त्यांना एसटीत बसवून आले. सून सातवी शिकलेली होती. तिच्या हातात त्यांनी स्वतःचा पत्ता लिहिलेलं कोरं कार्ड दिलं होतं. त्यानंतर रोज पोस्टमनच्या वेळेला त्यांचं फाटकाशी काहीतरी काम निघायचं.

आठवड्याने संध्याकाळी ते कार्ड घेऊन माझ्याकडे आले. "जरा वाच गा."

मी वाचलं. सगळे सुखरूप पोचलो. लेकरू बरं आहे. सासूबाईंनी तुमची तब्येत विचारली आहे. पुढच्या दसऱ्याला येतो, तेव्हा लेकरू चालत असेल.

"काका, चष्मा तर तुमच्या डोळ्यांवरच आहे."

"मी सकाळीच वाचलं. चार-पाच डाव वाचलं." ते खुर्चीत नीट टेकून बसले. "पण घरात माणसं असली का एक जण वाचते, बाकीचे ऐकतात. कसं वाटते ते पाहाचं होतं."

मी बायकोला आतून बोलावलं. ती येऊन बसल्यावर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो, सावकाश.