एकविसावा भाऊबंद

ऐन श्रावणात विद्यापीठातला फ्रीजर बंद पडला आणि धनश्रीचं सगळं संशोधन बमरोली भागातल्या घरी, मटारच्या पिशवीशेजारी येऊन बसलं.

"आई, या नळ्यांना हात लावू नकोस हं. उघडं बोट लागलं तरी आतला आरएनए खलास."

"कानबाईना सोवळापेक्षाबी कडक शे तुनं!" शोभाबाई म्हणाल्या. "पन यामा शे काय?"

"प्रथिनांच्या पंगतीला वीसच अमिनो आम्लं मानकरी ठरलेली असतात. माझा आरएनए एकविसाव्या परक्याला ओळखीच्या माणसाशी जोडून देतो. मग वाढपी काही विचारत नाही, त्यालाही ओळीत घेतो."

"कुळ-गोत न इचारता? माय वं!"

धनश्रीचाही एक परका होता. लॅबमधला मौलिक, अस्सल गुजराती. लग्न करीन तर याच्याशीच, हे तिचं ठरलं होतं. आईला सांगायचं कसं, एवढंच अडलं होतं. कारण ज्या घरात कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट कुळातल्या भाऊबंदांशिवाय कुणाच्या तोंडी जात नाही, तिथं परका जावई कोण खपवून घेणार?

नेमका कानबाईच्याच रविवारी फ्रीजर दुरुस्त झाला आणि मौलिक नळ्या न्यायला बर्फाची पेटी घेऊन दारात उभा राहिला. एका खोलीचं घर, त्यात पंगत बसलेली.

"इथं टेक जरा, मी हातमोजे घालून येते," म्हणत धनश्रीनं त्याला हाताला धरून ओळीतच बसवलं.

वाढायला योगराजकाका होते. काका ओळ बघतात, तोंडं बघत नाहीत. त्यांनी मौलिकपुढेही ताट ठेवलं, ताटात रोट ठेवला. नाही म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून मौलिकनं खायला सुरुवात केली.

शोभाबाई खीर घेऊन आल्या तेव्हा अर्धा रोट पोटात गेला होता.

"हाऊ कोन शे?"

"आंटी, बहु सरस!" मौलिक भरल्या तोंडानं म्हणाला.

बोली ऐकताच हा परका असल्याचं पंगतीला कळलं. आता देवी कोपणार, या भीतीनं काकांना घाम फुटला. धनश्रीला मात्र घबाड सापडल्यासारखं झालं.

"आई, रोट भाऊबंदच खातात ना? यानं खाल्ला, म्हणजे हा आपलाच झाला. देवीनंच घेतलं त्याला घरात!"

"पोर बराबर बोलस," काका घाईघाईनं म्हणाले.

शोभाबाईंनी एकदा मौलिककडे पाहिलं, एकदा लाजून हातमोजे ओढणाऱ्या लेकीकडे पाहिलं. त्यांनी लेकीपेक्षा चार पावसाळे जास्तच पाहिले होते. त्या तोंडभर हसल्या.

"खरं शे. हाऊ आपला भाऊबंद व्हयना. म्हंजे तुना भाऊ!" त्यांनी मौलिकच्या वाटीत खीर ओतली. "पुनवले राखी बांधजो याले."

धनश्रीचा चेहरा खर्रकन उतरला. परका जोडला गेला होता खरा, पण भलत्याच जागी.

मौलिकला त्या सगळ्यातलं 'आपला' तेवढं कळलं. त्यानं आनंदानं आणखी एका रोटासाठी ताट पुढे केलं.

"मम्मी, हजी एक आपो ने!"