सॉलोमनकाकांचे दहा वाचक

सकाळी मी पोळ्या लाटत असताना बेल वाजली आणि दारात सॉलोमनकाका असले, की समजायचं, आज आपली तोंडी परीक्षा आहे.

"हलू नका," काका म्हणतात. "श्वास रोखा. कालच्या लेखात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात काय होतं?"

"काका, पोळी करपतेय."

"करपू दे. पोळी दुसरी लाटता येते. तुम्ही हा लेख वाचल्याशिवाय मला दुसरा टाकता येत नाही."

"लिफ्टमध्ये अडकलेल्या पाटीलआजींना तुम्ही दाराच्या फटीतून स्ट्रॉने चहा पाजलात."

"शाब्बास. सोडा श्वास."

आणि काका पुढच्या दाराकडे वळतात.

सॉलोमन आवासकर हे आमचे करंजाड्यातले समोरच्या फ्लॅटमधले शेजारी. उभी हयात त्यांनी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवली. दवाखाना सुटला, पण 'हलू नका' सुटलं नाही. सोसायटीतल्या लग्नात हौसेने कॅमेरा हातात घेतात आणि नवरानवरीला श्वास रोखायला लावतात. त्यामुळे आमच्याकडच्या जोडप्यांचे फोटो पाण्याखाली काढल्यासारखे दिसतात. काकांना ते फार आवडतात. म्हणतात, "बघा, एक तरी बरगडी हललीय का?"

मिरियमकाकू वारल्या त्या वर्षी इस्रायलमधल्या भाच्याने काकांना तिकडे बोलावलं. काका गेले नाहीत, तेव्हा त्याने निदान वेळ जावा म्हणून एक ब्लॉग काढून दिला. नाव काकांनीच ठेवलं, 'आतलं दिसतं'. मग यूट्यूबवरच्या कुणा तज्ज्ञाने सांगितलं की मथळा असा हवा की वाचणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे, आणि शेवटी वाचकाला प्रश्न विचारला पाहिजे. काकांनी हे दोन्ही नियम गळ्यात ताईत बांधावा तसे बांधून घेतले. 'टाकीत जे सापडलं ते पाहून सेक्रेटरी मटकन खाली बसले' असा मथळा वाचून आम्ही सगळे धडधडत्या काळजाने आत शिरलो. टाकीत टाकीचंच झाकण सापडलं होतं. शेवटी प्रश्न होता, 'तुमचं झाकण कधी हरवलं आहे का?' याची उत्तरं ब्लॉगवर कुणी लिहिली नाहीत, म्हणून काका ती घरोघर जाऊन घेऊन आले.

काकांचा तिसरा नियम मात्र कुठल्या तज्ज्ञाचा नव्हता. दहा माणसांनी लेख शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुढचा लेख नाही. नऊ झाले तरी नाही. ब्लॉगवरच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "उघडणं म्हणजे वाचणं नव्हे. फिल्म काढून कपाटात ठेवली तर हाड जुळतं का?"

या दहांत मी आणि माझा नवरा पहिल्यापासून आहोत. नवरा माझ्याकडून सारांश ऐकून पास व्हायचा प्रयत्न करतो आणि दर वेळी पकडला जातो. पण खरी दांडी उडते ती म्हात्रेशेठची. शेठ आमचे चेअरमन. करंजाडं वसायच्या आधी इथे त्यांची भातशेती होती, त्यामुळे आम्ही सगळे आपल्या खाचरात राहतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे.

"काका, येकदम बेस लिवलाय," शेठ जिन्यातच हात वर करतात. "पुरा वाचला आमी."

"शेवट काय होता?"

"शेवटाला तर जाम मजा आली."

"शेवटी कुत्रा मेलाय."

"मंग तेच सांगतो ना. रडू आला."

काका त्यांना दहांत धरत नाहीत. तरी नेमाने विचारतात, आणि शेठ नेमाने नापास होतात.

मध्यंतरी एक गंमत झाली. काकांच्या ज्यू धर्मात खवले नसलेलं पाण्यातलं काही चालत नाही, म्हणजे कोलंबी बाद. त्यावर त्यांनी 'कोलंबीचा वास: न खाणाऱ्याचं मनोगत' असा लेख लिहिला. आमच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाने शेजारच्या संयमी माणसाचे काय हाल होतात, याचं त्यात इतकं रसाळ वर्णन होतं की कुणीतरी तो मासेखाऊंच्या ग्रुपवर ढकलला. दोन दिवसांत हजारो लोक येऊन गेले. न खाणाऱ्याने लिहावं का, यावर हाणामारी झाली. कुणी जाहिरातींबद्दल विचारलं. मी पेढे घेऊन गेले, तर काका तोंड पाडून बसलेले.

"हजार आले म्हणता. त्यातल्या एकाचं तरी दार मला वाजवता येईल का?"

"काका, अहो लोक यासाठी जीव टाकतात!"

"गर्दी पनवेल डेपोतही असते. मला दहा पाहिजेत."

तेव्हा मी विचारलंच, की हे दहाचं खूळ कुठून आलं. काकांनी मला बसवलं, ओलं खोबरं घातलेले गोड पोहे दिले आणि सांगितलं. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना त्यातलीच. काकांच्या लहानपणी सिनेगॉगमध्ये बसायला जागा नसायची. मग एकेक घर इस्रायलला गेलं. कुणाच्या आईवडिलांचं वर्षाचं असलं की काका स्कूटर काढून थेट पेणपर्यंत माणसं गोळा करायला जात. नऊ झाले की फाटकात उभं राहून रस्त्याकडे बघत राहत.

"देवाकडे नऊ म्हणजे शून्य," काका म्हणाले.

"आणि बायका? त्यांना धरत नाहीत?"

"तिथे नाही. माझ्या ब्लॉगवर धरतो." एवढं बोलून त्यांनी चिकूच्या भावाचा विषय काढला.

मला आपलं बरं वाटलं. आमच्या घरातही महत्त्वाच्या बैठकीत मला चहापुरतंच धरतात.

मिरियमकाकूंचा वर्षाचा दिवस आला तो नेमका म्हात्रेशेठच्या पुतण्याच्या हळदीच्या दिवशी. काका पहाटेच सिनेगॉगला गेले होते. नऊ जमले. दहावे गृहस्थ गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला. काका प्रार्थना न म्हणताच परत आले, दार लावून बसले आणि दुपारी त्यांचा लेख आला. मागोमाग बेल वाजली. 'हलू नका' नाही, 'श्वास रोखा' नाही.

"आज दहा पाहिजेत," ते म्हणाले. "सूर्य मावळायच्या आत. आमचा दिवस तिथे संपतो. प्रार्थना तर राहिली, निदान एवढं तरी तिच्यासाठी पुरं होऊ दे."

सोसायटीत वॉचमनशिवाय चिटपाखरू नव्हतं. सगळे गावात हळदीला. वॉचमनकडून वाचून घेतलं, मी वाचला, आणि काकांना स्कूटरवर मागे बसवून मी मांडवात नेलं.

आगऱ्यांची हळद ज्याने पाहिली नाही त्याला काय सांगावं! डीजेने छातीचे ठोके आपल्या ताब्यात घेतलेले, म्हाताऱ्याकोताऱ्या बायासुद्धा नाचताहेत, आणि त्यात इस्त्रीचा सफारी घातलेले सॉलोमनकाका एकेकाच्या नाकासमोर फोन धरून उभे. लोकांच्या बोटांना हळद, म्हणून पान सरकवायचं कामही तेच करत होते. पाटीलआजींनी एका हातात करंजी धरून वाचला. माझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा सारांश न विचारता वाचला, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिला. तो नववा. बाकी सगळे एव्हाना नाचात तरी होते किंवा पंगतीत तरी, आणि ऊन मांडवाच्या झालरीखाली उतरलं होतं.

"शेठना विचारू या," मी म्हणाले.

"नको. त्यांच्या घरचं कार्य आहे. आणि ते वाचत नाहीत." काकांनी फोन खिशात घातला. "नऊ झाले. चला."

मला एकदम रडूच आलं. तेवढ्यात नवऱ्यामुलाला खांद्यावरून उतरवून शेठच धावत आले. कपाळापासून कोपरापर्यंत पिवळेधमक.

"काका, न जेवता कुठं चाललाव? आमाला पाप लावताव काय?"

मीच सांगून टाकलं. काकूंचा दिवस आहे, नऊ झालेत, दहावा पाहिजे, आणि सूर्य थांबणार नाही.

शेठनी काकांच्या खिशातून फोन काढून घेतला आणि डीजेकडे वळून ओरडले, "ये, बंद कर रे ते!"

अख्खा मांडव गप्प झाला. शेठ खुर्चीवर बसले आणि वाचू लागले. एकेका ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, फोनच्या काचेवर हळदीचे पट्टे ओढत. त्यांना वाचायला किती कष्ट पडतात हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

लेख छोटासाच होता. सिनेगॉगमध्ये पुरुष नवावर अडले की वरच्या माडीवर बायकांत बसलेल्या मिरियमकाकू वाकून म्हणायच्या, 'मी आहे की! मला धरा.' खाली सगळे हसायचे. काकाही हसायचे. दर वेळी. तेवढं लिहून काकांनी नियमाप्रमाणे शेवटी प्रश्न विचारला होता, 'तुम्ही तिला धरलं असतं का?'

शेठनी फोन खाली ठेवला. काका सवयीने परीक्षा घ्यायला पुढे सरकले.

"शेवटाला सवाल हाय," शेठच म्हणाले. पिवळ्या मनगटाने त्यांनी डोळे पुसले. "धरली अस्ती काका. दहावी नाय. पयली."

बाहेर अजून ऊन होतं. काका खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. एकही बरगडी हलत नव्हती.

शेवटी मीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"काका," मी म्हणाले, "सोडा श्वास."