फिटरचा गिलास

सोनकांबळे फिटर माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या सायकलीपुढे उकिडवे बसत. पेडल उलटं फिरवून कान लावत आणि निकाल देत, "चेन रडायलीय, मास्तर!" नोकरी पूर्णा जंक्शनला, रेल्वेत; जीव मात्र लोकांच्या सायकलींत. एकदा भर बाजारात पोस्टमनला थांबवून त्यांनी चेन आवळली. तोवर लोक पिशवीतली आपापली पत्रं घेऊन गेले.

माझी पुष्पा माझ्या जुन्या सायकलीवर शाळेत जायची. रेल्वे फाटकात रुळांवर हिसका बसला की चेन उतरायची. हात काळे व्हायचे, पोरं हसायची. शेवटी ती म्हणाली, "मी न्हाई जायची आता शाळेत."

फिटर आपण होऊन घरी आले. "चेनीला दोन्ही अंगांनी पट्टी पायजे, मंग उतरती कशी बघू. बाजारात मिळत न्हाई, मीच करतो. वैनी, तो गिलास द्या."

खिडकीत जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक गिलास असायचा. आम्हाला चहा कपात, फिटरना त्या गिलासात. पिऊन झाला की ते स्वतःच विसळून ठेवत. त्यांना स्वच्छतेची आवड आहे, अशी मी समजूत करून घेतली होती. विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे, असं मी शाळेत टेबल बडवून सांगायचो.

"दुसरा पत्रा देतो की," मी पुटपुटलो.

"ह्योच बरा. माझ्याच नावचा हाय."

अंगणात बसून त्यांनी गिलास कापला, ठोकून सपाट केला, दुहेरी दुमडून दोन पट्ट्या सायकलीला बोल्टनं कसल्या. मग पुष्पाच्या मागं पळत फाटकापर्यंत गेले. ती चारदा रूळ ओलांडून आली. चेन जागची हलली नाही. दोघंही हसत परतले.

"आई, काकांना चहा कर ना!"

खिडकी रिकामी होती. फळीवर सहा कप होते. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मी बोलून गेलो, "दूध नासलंय हो."

फिटरनी हत्यारं गोळा केली. "मला बी ड्युटी हाय," म्हणून त्यांनीच मला सोडवलं.

पुष्पाची चेन दहावीपर्यंत उतरली नाही. फिटर घरी आले नाहीत, पण रस्त्यात दिसलो की माझ्या सायकलीपुढे बसायचेच. एकदा धीर करून मी म्हणालो, "चहाला या की."

चेनीवरचा कान न काढता त्यांनी हळूच विचारलं, "दूध बरं हाय का आता?"

लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही मला चटकन हो म्हणता आलं नाही.