उकंडरावांनी धुतलेल्या गोधड्या

"लेकरं सांभाळणं म्हंजे काय काम हाये व्हय?" ओट्यावर चहा पिता पिता उकंडराव शेजारच्या सरस्वतीबाईंना म्हणाले. "खाऊ घाला, झोपवा, संध्याकाळी ज्याचं त्याले देऊन टाका. नगरपालिकेत मी एवढा मोठा स्टाफ सांभाळला. त्यायले तर झोपवाचीबी गरज नव्हती पडत, ते आपले आपणच झोपत."

सरस्वतीबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून उकंडराव आणखी मोठ्यानं हसले. आत स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. (संसाराला पस्तीस वर्षं झालेल्या माणसाला बायकोचं लाटणं थांबलेलं ऐकू येऊ नये, म्हणजे कमालच.)

अन्नपूर्णाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"हाव का? मंग मंगळवारी मी जालन्याले चालली. बहिणीच्या पोरीचं डोहाळजेवण हाये. ह्या लेकरांपायी मी माहेरच्या एकाबी कार्यात पंगतीले थांबली नाही. या वक्ती पोटभर जेवून येतो."

"जाय ना! आरामात जाय."

"अन् मधात फोन आला तं?"

"फोन? मी? अवं, मी फोन केला तं याच ओट्यावर बसून, साऱ्या गल्लीसमोर म्हणीन, लेकरं सांभाळणं हे लय मोठं काम हाये म्हणून."

"आयकलं न वं सरस्वती?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला निघून गेल्या.

अन्नपूर्णाबाई घरातच पाळणाघर चालवत. पुढच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली आणि भिंतीशी घड्या घालून ठेवलेल्या छोट्या गोधड्या. देऊळगाव राजातल्या नोकरदार बायका सकाळी लेकरू सोडून जात आणि संध्याकाळी घेऊन जात. उकंडराव वर्षापूर्वी नगरपालिकेच्या स्वच्छता विभागातून मुकादम म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्याच खोलीत खुर्ची टाकून बसत. तिथं बसून ते काय करत, तर अन्नपूर्णाबाईंच्या कामात चुका काढत. आपल्यामुळे घराला केवढा आधार आहे, असं त्यांना वाटे. अन्नपूर्णाबाईंना वाटे, खुर्चीमुळे झाडायला अडचण होते.

त्यांचं स्वच्छतेचं वेड नोकरीच्याही आधीचं होतं. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं दृष्ट लागू नये यासाठी जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलं होतं आणि नाव ठेवलं होतं उकंडा. पोरगं जगलं. पण पुढं सारा जन्म त्यानं त्या उकिरड्याचा सूड घेतला. अजूनही कुणी हात न धुता पाणी दिलं तर उकंडराव ते तुळशीला घालत.

मंगळवारी सकाळी अन्नपूर्णाबाईंनी घरातली साडी सोडून खुंटीवर टाकली, ठेवणीतली नेसल्या आणि दारातून सूचना दिल्या.

"वरणभात करून ठेवला हाये. जेवू घाला. मंग ज्याले त्याले आपापल्या गोधडीवर टाका, एका झटक्यात झोपतेत. अन् बाकी कशालेच हात लावू नका."

उकंडरावांनी हे सगळं ऐकलं. फक्त शेवटचं वाक्य बसच्या हॉर्नमध्ये गेलं. (बस स्टँडवर होती आणि स्टँड बरंच लांब आहे. पण गेलं एवढं खरं.)

लेकरं चार. प्रतीक्षा चार वर्षांची. तिला सगळं ठाऊक असे आणि ती ते सगळ्यांना सांगे. प्रज्वल तिच्याएवढाच, तो चावायचा. कुलदीप बोलत नसे, फक्त लोकांच्या चपला कुठंतरी नेऊन ठेवी. आणि सर्वांत धाकटा प्रसेनजित, पोस्टात खिडकीवर बसणाऱ्या सारिकाचा. नुकताच चालायला लागलेला, गालांवर सदैव काहीतरी चिकटलेला.

लेकरं आल्याबरोबर उकंडरावांनी चौघांना ओळीत उभं केलं.

"नखं दाखवा."

चौघांनी हात पुढं केले. प्रतीक्षानं त्यांचाही हात ओढून पाहिला.

"काका, तुमच्याच नखात माती हाये."

ती कुंडीतली होती. उकंडराव मुकाट्यानं हात धुऊन आले आणि तपासणी बरखास्त झाली.

मग सतरंजीवर पाट मांडून एसटी बस निघाली. प्रज्वल ड्रायव्हर, प्रतीक्षा कंडक्टर. उकंडरावांना जालन्याला जायचं होतं. पण पुढची जागा महिलांसाठी आहे म्हणून त्यांना उठवण्यात आलं, मागची कुलदीपच्या चपलांसाठी होती, आणि शेवटी "गाडी फुल हाये, मागून येते दुसरी," असं सांगून कंडक्टरनं त्यांना दारातच उतरवलं. दुसरी काही आली नाही.

असे रस्त्यावर पडले असतानाच उकंडरावांची नजर गोधड्यांवर गेली. ते उठून जवळ गेले. एक उचलून हुंगली आणि त्यांचं नाक आकसलं. दुधाचा, तेलाचा, घामाचा, घरोघरच्या चुलीचा असा काहीतरी मिसळलेला वास.

"आरारारा! ह्याच्यावर लेकरं झोपवते ही बाई!"

आणि मग त्यांनी एक छोटासा निर्णय घेतला. एकच गोधडी जराशी पाण्यातून काढायची. पण एक धुतली तर बाकीच्या तिच्या शेजारी मळकट दिसणार, म्हणून सगळ्या घेतल्या. साध्या पाण्यानं जंतू मरत नाहीत, म्हणून साबणाचा चुरा. चुऱ्यावर भरवसा नाही, म्हणून जंतुनाशकाची अर्धी बाटली. आणि काम करायचं तर मन लावून, म्हणून वरून नीळ.

हे मात्र सांगायला हवं की तो सगळा वेळ फार आनंदात गेला. मोठ्या घमेल्यात गोधड्या, त्यावर उड्या मारणारी चार लेकरं आणि नळी धरून उभे उकंडराव. प्रसेनजित फेसात बसून राहिला. प्रज्वल तर चावायचंही विसरला. 'याला म्हणतात सांभाळणं,' उकंडराव मनाशी म्हणाले. उन्हाळ्याचे दिवस होते. जेवणं उरकेपर्यंत गच्चीवरच्या गोधड्या पापडासारख्या वाळल्या.

जेवणं झाली. लेकरांचे डोळे जड झाले. उकंडरावांनी ऐटीत गोधड्या अंथरल्या. जणू दवाखान्याचा वॉर्डच.

प्रसेनजित आपल्या गोधडीवर पालथा पडला. त्यानं नाक घासलं. थांबला. पुन्हा घासलं. मग मान वर करून त्यानं उकंडरावांकडे असं पाहिलं, की नोकरीत तक्रार घेऊन आलेल्या कुठल्याही माणसानं त्यांच्याकडे तसं पाहिलं नव्हतं. आणि त्यानं गळा काढला.

त्याचं पाहून कुलदीप. कुलदीपचं पाहून प्रज्वल. प्रतीक्षा आधी रडली नाही. तिनं गोधडी नाकाशी धरली, उठली, थेट ओट्यावर गेली आणि गल्लीला सांगितलं:

"काकानं माही आई धुऊन टाकली!"

सरस्वतीबाई धावत आल्या. "काय धुतलं? कोणाले धुतलं?"

उकंडरावांनी गोधडी दाखवली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"काय केलं हे बाप्पा! अहो, अन्नपूर्णाचा नेमच हाये. लेकरू ठेवाचं असंल तं आईनं आपली वापरलेली साडी आणाची, न धुतलेली. तिचीच गोधडी शिवते ती. वास उडाला की ज्याच्या त्याच्या घरी पाठवते, आई दोन-चार राती त्याच्यावर झोपते अन् मंग वापस आणून देते. म्हणून तं लेकरं पटकन झोपतेत. वर्ष झालं खुर्ची टाकून बसले इथं, अन् तुमाले हे माहीत नाही?"

उकंडरावांना माहीत नव्हतं. दुपारी लेकरांच्या आधी तेच झोपत.

सरस्वतीबाईंनी आपला पदर प्रसेनजितच्या नाकाशी धरून पाहिला. त्याला तंबाखूच्या मिसरीची शिंक आली आणि तो दुप्पट रडायला लागला. "माह्यानं नाही होत," म्हणून त्या निघून गेल्या. (आणि ही बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला कळली नसेल, या काळजीनं तिकडे गेल्या.)

अन्नपूर्णाबाईंना एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण ओटा डोळ्यांसमोर आला. आणि ओट्याहूनही एक गोष्ट मोठी होती. बाई इतक्या वर्षांनी माहेरच्या पंगतीला बसली होती. आपला फोन गेला तर ती ताटावरून उठेल आणि मिळेल त्या गाडीनं परत येईल, आणि पुन्हा म्हणून कुठं जायची नाही. नाही, तिला फोन करायचा नाही.

म्हणून त्यांनी सारिकाला केला. लेकराचं रडणं आईच्या कानी पडू नये म्हणून न्हाणीत शिरून दार लावून घेतलं. आणि गोधडी धुतल्याचं कळू नये म्हणून तेवढं सांगायचं टाळलं.

"सारिकाबाई, मी उकंडराव."

"काका? प्रसेन बरा हाये ना?"

"एकदम बरा. ते... तुमची एक साडी पायजे होती."

"साडी?"

"जुनी चालंल. फक्त धुतलेली नको. दोन-तीन दिस अंगावर वापरलेली असंल तं लय चांगलं."

तिकडून शिक्के मारल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"काका, तुमचा आवाज असा घुमून काऊन राह्यला?"

"न्हाणीत हाये मी. दार लावून."

"काकू कुठी हाये?"

"ते गेली जालन्याले. तिले सांगू नका. आपल्यातच राहू द्या."

फोन कट झाला. 'नेटवर्क गेलं,' उकंडराव म्हणाले. न्हाणीचं दार उघडेपर्यंत ते तसं समजत होते. मग आपण काय काय बोललो, ते एकेक वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं आणि ते तिथंच बादलीवर बसले.

बाहेर रडण्याचा सूर वरच्या पट्टीत गेला होता. उकंडरावांनी अंगाई म्हणून पाहिली, प्रज्वल चावला. घोडा झाले, घोड्यावर कुणी बसेना. त्यांनी प्रसेनजितला खांद्यावर घेतलं आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. आतल्या दारापाशी आले, आणि त्या चिमुकल्या हातानं खुंटीवरची साडी गच्च धरली.

अन्नपूर्णाबाईंची सकाळची साडी. प्रसेनजितनं ती तोंडाशी ओढली आणि त्याचा हुंदका मधेच राहिला.

उकंडरावांनी श्वास रोखून साडी खुंटीवरून काढली आणि सतरंजीवर लांब पसरली. प्रसेनजित तिच्यावर लोळला. कुलदीप आला आणि एका घडीत शिरला. प्रज्वलनं काठ तोंडात धरला. प्रतीक्षानं आधी हुंगून खात्री करून घेतली आणि जाहीर केलं, "हे काकू हाये. झोपा रे." आणि सगळे झोपले. एका झटक्यात.

पदराचं एक टोक उरलं होतं. लेकरांवर नजर ठेवायला म्हणून उकंडराव त्यावर टेकले. फोडणीचा, खोबरेल तेलाचा, थोडा घामाचा वास आला. नाक आकसायला हवं होतं. आकसलं नाही. इतकी वर्षं आपल्याला घरात झोप कशानं लागते, हा विचार त्यांच्या मनात येऊ लागला होता. पण तो पूर्ण होण्याआधीच ते घोरायला लागले.

संध्याकाळी दारावरच्या थापांनी त्यांना जाग आली नाही. खिडकीतून सारिकानं मारलेल्या हाकांनीही आली नाही. अखेर प्रतीक्षानं पाटावर चढून कडी काढली आणि तोंडावर बोट ठेवून सांगितलं, "हळू. काका आत्ताच झोपला हाये. लय त्रास देला त्यानं आज."

उकंडरावांनी डोळे उघडले तेव्हा सारिका, सरस्वतीबाई, बाकीच्या आया आणि हातात डबा घेतलेल्या अन्नपूर्णाबाई अर्धगोलात उभ्या होत्या. उकंडरावांच्या मुठीत पदर होता आणि गालावर लाळ. ती प्रसेनजितची आहे असं ते पुढं बरेच दिवस सांगत राहिले.

"तू... तू जेवली का पंगतीत?" त्यांनी विचारलं.

"पोटभर. सारिकाचा फोन आला तवा तं वाढणंच चालू होतं. घाबरून गेली होती बिचारी. मले तं ऐकल्या ऐकल्या समजलं, ह्यायनं गोधड्या धुतल्या. अशी हसली, अशी हसली, की बहिणीनं फोन हातातून घेतला. मंग साऱ्या पंगतीनंच ऐकलं."

"पण मी तुले फोन नाही केला," उकंडराव उठून बसत म्हणाले. हाच एक किल्ला उरला होता.

"हाव ना. मले नाही केला. पोस्टात केला."

सारिकानं तोंडाला रुमाल लावला. त्या संध्याकाळी आया आपापल्या गोधड्या पुन्हा वास लावायला घरी घेऊन गेल्या, आणि उकंडरावांनी कुणी न सांगता ओट्यावर जाऊन ते एक वाक्य गल्लीसमोर म्हटलं. पुन्हा म्हणावं लागलं, कारण पहिल्या वेळी सरस्वतीबाई घरात होत्या.

तीन महिन्यांनी बहिणीच्या पोरीच्या बाळाचं बारसं होतं. अन्नपूर्णाबाईंनी सकाळी घरातली साडी सोडली, नीट घडी केली आणि प्रतीक्षाच्या हातात दिली.

"पोरी, तुह्या भरवशावर चालली मी. तीन लेकरं हायेत, अन् चौथे काका. दुपारी रडले तं हे दे त्यायले."

"हाव," प्रतीक्षा म्हणाली.

उकंडराव खुर्चीत बसून हे ऐकत होते. नगरपालिकेचा माजी मुकादम, एवढा मोठा स्टाफ सांभाळलेला माणूस. यावर काहीतरी बोलायला हवं होतं. अन्नपूर्णाबाई गेटपर्यंत गेल्यावर त्यांना राहवलं नाही. त्यांनी ओट्यावर येऊन हाक मारली:

"अवं, धुतली तं नाही ना ते?"