रडका भिमा डॉट पीडीएफ

जानाई पाणी वापर संस्थेचे सेक्रेटरी जोतीरामआप्पा यांना अठ्ठावन्न पुरी व्हायला दोन महिने उरले होते. मुदतवाढ द्यायची की हातात नारळ ठेवायचा, हे येत्या सभेत ठरणार होतं. अशा नाजूक वेळी माणसाने गप्प बसावं. पण आप्पांच्या मुलीने, राजेश्वरीने, इंदापूरहून माहेरपणाला येऊन संस्थेचा संगणक उघडला आणि तिथून सगळं सुरू झालं.

सांगवीच्या शिवारात संस्थेचे दीडशे सभासद. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटायच्या आधी प्रत्येकाला पाणी मागणीचा अर्ज, सातबारा आणि शेताचा नकाशा लागायचा. हे कागद पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला दाखवल्याशिवाय तो कालव्याचं दार उघडत नसे. आणि कागद होते आप्पांकडे. हरवलेले नव्हते हो, राजेश्वरीनेच मागे सगळे स्कॅन करून क्लाऊडवर चढवायला शिकवलं होतं. पण मागितला आणि दिला, असं आप्पांनी बावीस वर्षांत कधी केलं नाही. माणसाने दोन-तीन हेलपाटे घातले नाहीत तर सेक्रेटरीला विचारतो कोण, हे त्यांचं साधं गणित होतं.

"आप्पा, लोकांच्या शिव्या खाताय तुमी," राजेश्वरी म्हणाली. "एक बॉट बसवून देते. टेलिग्रामवर संस्थेचा ग्रुप काढू. सभासदानं नाव टाकायचं, बॉट क्लाऊडमधनं फाईल हुडकून द्यील. ओपन सोर्स हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलाय. कुणीबी घ्यावा, आपल्या सोयीनं बदलावा. पैसं न्हाय लागत."

"आन ज्यानं लिवला त्याला काय मिळतं?"

"काय न्हाय."

"डोस्कं ठिकाणावर हाय का त्याचं?" आप्पांना खरंच काळजी वाटली. पण सभेपुढे सांगायला ही गोष्ट झकास होती. संगणकीकरण करणाऱ्या सेक्रेटरीला घरी कोण बसवील? ते हो म्हणाले. राजेश्वरीने चार दिवस खपून बॉट बसवला, त्याला मराठी शिकवलं आणि त्याचं नाव ठेवलं शोध्या.

जायच्या आधी तिने विचारलं, "फायलींत खाजगी काय न्हाय ना?"

"संस्थेत कसलं आलंय खाजगी?" आप्पा म्हणाले.

इथे त्यांची चूक झाली, आणि ती समजायला संस्थेचं सभासद रजिस्टर बघावं लागेल. त्यात भिमा शंकर कोकरे नावाची तीन माणसं होती. तिघांचे बापही शंकरच, वेगवेगळे. बनाबाई चार, प्रयागबाई पाच. गट नंबर आप्पांच्या लक्षात राहत नसत. माणसं मात्र पक्की लक्षात राहत. म्हणून फाईल साठवताना ते माणूस जसा आहे तसं नाव द्यायचे. एक बुलेटवाला भिमा, एक तंबाखू भिमा, आणि तिसरा कायम पाणी कमी आलं म्हणून डोळ्याला पंचा लावणारा, तो रडका भिमा. कुणाशी कसं वागायचं तेही त्यांनी नावातच लिहून ठेवलं होतं. ‘धोंडाबाई, चहा पाजल्याशिवाय बोलू नये.’ ‘ऋषिराज, खोटं बोलतो, नकाशा बघावा.’ कागदी फायलींवरून संगणकात आलेली ही नावं बावीस वर्षांत आप्पांशिवाय कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती.

शोध्याची चाचणी आप्पांनी स्वतः, ग्रुपबाहेर एकट्यानेच घेतली. ‘रडका भिमा’ टाकलं, अर्ज हजर. ‘तंबाखू भिमा’ टाकलं, अर्ज हजर. आप्पांचं समाधान झालं. सभासद आपलं खरं नाव टाकतील आणि शोध्या फाईलच्या आतलं वाचूनही हुडकील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सोमवारी सकाळी तिघांपैकी एका भिमा शंकर कोकरेने ग्रुपवर आपलं नाव टाकलं. शोध्या मोठा आदबीचा. त्याने लगेच उत्तर दिलं, "नमस्कार. आपल्या नावाशी जुळणाऱ्या तीन फायली सापडल्या आहेत. बुलेटवाला भिमा, पाणी अर्ज. तंबाखू भिमा, पाणी अर्ज. रडका भिमा, पाणी अर्ज. कोणती पाठवू?"

मग धोंडाबाईने आपलं नाव टाकलं आणि तिलाही उत्तर आलं. ती मळ्यातून थेट संस्थेत आली. हातात खुरपं तसंच होतं.

"आप्पा, चहा ठिवा," ती खुर्ची ओढून म्हणाली. "त्याबिगर बोलायचं न्हाय म्हणं माझ्याशी."

आप्पांनी मुकाट्याने चहा मागवला. ती पिऊन होईस्तोवर त्यांनी तिच्या फाईलचं नाव बदललंही. पण शोध्या ऐकेना. त्याच्याकडे जुनीच यादी. त्यांनी राजेश्वरीला फोन लावला.

"आप्पा, यादी रोज पहाटं नवी हुती. उद्यापतोर तो जुनीच नावं सांगणार."

"बंद कर त्याला."

"माझा लॅपटॉप हापिसात हाय, मी लग्नात हाय. संध्याकाळी बघते. तवर ग्रुपवर काय लिवू नका."

हे शेवटचं वाक्य आप्पांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माणसाला समजावून सांगितलं तर माणूस ऐकतो, मग हा तर आपलाच, आपल्या पोरीने बसवलेला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "शोध्या, कुणाला रडका म्हणू नकोस."

शोध्याने तत्परतेने कळवलं, "‘रडका’ या शब्दाशी जुळणाऱ्या चार फायली सापडल्या. रडका भिमा, पाणी अर्ज. रडका भिमा, सातबारा. रडक्याचा थोरला भाऊ, हा हसत हसत रडतो. रडक्याच्या शेजारचा, रडका परवडला. चारही पाठवू का?"

झालं. सांगवीत त्या दिवशी कुणी कामाला हात लावला नाही. जो तो स्वतःचं नाव टाकून झालं की भावकीचं टाकायचा, मग व्याह्यांचं. फुलाबाईला ‘फुलाबाई, सही नवरा करतो, डोकं हिचं’ असं मिळालं, तर ती दिवसभर खुशीत होती. ऋषिराजने मात्र शिव्यांचा निरोप धाडला.

पण आप्पांचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच फाईलपायी. चेअरमन माऊलीतात्या. मोठा भला माणूस. पंधरा वर्षं चेअरमन, आणि पंधरा वर्षांत समोर ठेवलेला एकही कागद त्यांनी वाचला नव्हता. "कुठं करू?" एवढंच विचारायचे आणि सही ठोकायचे. आप्पांनी त्यांच्या फाईलला नाव दिलं होतं ‘सहीपुरते तात्या’. आणि मुदतवाढीच्या ठरावावर सही याच तात्यांची लागणार होती.

आप्पा दिवसभर फोन हातात धरून बसले. ग्रुपवर तात्यांचं नाव कुणी टाकलं नाही, खुद्द तात्यांनीही नाही. संध्याकाळी राजेश्वरीने शोध्याला झोपवलं तेव्हा कुठे आप्पांनी फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. नेहमीसारखेच शांत.

"आप्पा, लोकं लई बोलत्यात. समद्यांची नावं रजिस्टरपरमाणं खरी घाला."

"व्हय तात्या. आजच घालतो."

त्यांनी दीडशे फायलींना खरी नावं दिली. पाठ भरून आली, पण मनात धास्ती होती म्हणून उरकलं. शोध्या पुन्हा चालू झाला, लोकांना अर्ज बिनबोभाट मिळू लागले आणि आवर्तन सुटलं.

आता खऱ्या नावाची गंमत अशी की भिमा शंकर कोकरे म्हटलं की शोध्या सारख्याच नावाच्या तीन फायली दाखवायचा. तिन्ही भिमांनी पहिली फाईल उघडली आणि पाटकऱ्याला दाखवली. पहिली होती तंबाखू भिमाची. पाटकऱ्याने कागद बघून तिघांच्याही पाळीला एकाच शेतात पाणी सोडलं. तंबाखू भिमाने त्या शेताच्या कडेला कांदा काढून वाळायला पसरला होता. तो कांदा तरंगला. बुलेटवाल्याचा ऊस कोरडा राहिला, आणि रडका भिमा आयुष्यात पहिल्यांदा योग्य कारणासाठी रडला. तिकडे बनाबाईंचंही तसंच झालं. पाच प्रयागबाया तर कालव्यावरच एकमेकींच्या झिंज्या धरायला उठल्या.

सभेच्या दिवशी संस्थेचा हॉल भरला. आप्पा कोपऱ्यात पाणी पीत बसले होते. आता आपलं काही खरं नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. बावीस वर्षांची खुर्ची, तिच्यावरची उशी घरी न्यायची म्हणून पिशवीही आणली होती.

धोंडाबाई पहिली उठली. आप्पांनी डोळे मिटले.

"मी म्हणते, पयलीच नावं बरी हुती," ती म्हणाली. "शिवी दिली, पर कागद माझा मला दिला. न्हायतर हेच आप्पा मला चार खेपा घालाय लावत हुतं."

"व्हय," रडका भिमा म्हणाला. त्याचा गळा भरून आला होता. "मला रडका म्हणा, पर पाणी माझ्या रानात सोडा."

"माझं तेवढं बदला," ऋषिराज म्हणाला.

"तुझं का बदलायचं? खोटं हाय का ते?" मागून कुणीतरी विचारलं. ऋषिराज खाली बसला.

चर्चा तासभर चालली आणि ठरलं की फायलींची नावं पहिल्यासारखी करावीत. पण आता कोणती फाईल रडक्याची आणि कोणती तंबाखूची हे आप्पांशिवाय कुणाला ठाऊक? तेव्हा आप्पांना एक वर्षाची मुदतवाढ द्यावी, असं फुलाबाईने सुचवलं आणि सगळ्यांनी हात वर केले. आप्पांचे डोळे पाणावले. त्यांनी पिशवीची घडी करून खिशात घातली.

सभा उठली. आप्पांनी ठराव टाईप केला. आनंदाच्या भरात माणसाला थोडं पुढचंही सुचतं. एकाच्या जागी तीन वर्षं लिहिलं तर पुन्हा पुन्हा सभेला त्रास द्यायला नको, आणि वाचतंय कोण? त्यांनी कागद तात्यांपुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं आणि जागेवर बोट ठेवलं.

"हितं, तात्या."

तात्यांनी पेन खाली ठेवलं. खिशातून चष्म्याची डबी काढली. चष्मा नवा होता, त्याच्या दांडीला दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती. ते ओठ हलवत पहिल्या ओळीपासून वाचू लागले. आप्पा पंधरा वर्षांत प्रथमच तात्यांना वाचताना बघत होते.

"आप्पा, हितं तीन वरीस लिवलंय. सभंत एक ठरलं की."

"टायपिंगची चूक झाली, तात्या."

"हुती कवा कवा." तात्यांनी तीन खोडून एक केलं, शेजारी बारीक सही केली, मग खाली मोठी सही केली. कागद परत देताना ते अगदी सहज म्हणाले, "मी बी त्या सोमवारी शोध्याला माझा सातबारा मागितला हुता. ग्रुपवर न्हाय, एकट्यानंच. लगेच दिला बिचाऱ्यानं."

तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"आता बसलोच हाय तर मागचं ठराव बी आणा," ते म्हणाले. "पंधरा वर्सांचं समदं. आन चहा सांगा दोन, बराच येळ लागंल."