चुकीच्या फोल्डरातले काराई क्रेसेन्सिओ

विल्फ्रिदा ओर्तेयादोला माऊसने फायली ओढणारी माणसं आवडत नसत. गावच्या रेडिओ केंद्रात संगणक कळणारी ती एकटीच, त्यामुळे तिचं हे मत खोडून काढणारं कोणी नव्हतं. केंद्राचा जुना संगणक धापा टाकू लागला, तेव्हा सगळी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवरच्या भाड्याच्या साठ्यावर हलवायचं ठरलं आणि विल्फ्रिदाने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली.

"यात चित्रं कुठंयत?" केंद्रप्रमुख काराई ब्राउलिओंनी ('काराई' म्हणजे साहेब) मागून वाकून विचारलं.

"चित्रं लागत नाहीत, काराई. आधी कुठून ते लिहायचं, मग कुठे ते लिहायचं, एंटर दाबायचं. झालं."

"आणि चुकलं तर?"

"ते उलटून विचारत नाही. सांगितलं तेवढं करतं."

"आमच्या घरी असं एक तरी माणूस पाहिजे होतं," असं म्हणून ब्राउलिओ तेरेरेचा, पाल्याच्या गार काढ्याचा, पेला भरायला गेले.

विल्फ्रिदाने आधी निधनवार्तांचा फोल्डर रवाना केला. मग तीच ओळ पुन्हा चिकटवली, 'कुठून'च्या जागी वाढदिवस टाकले आणि 'कुठे' बदलायचं राहून गेलं. चाळीस सेकंदांत काम उरकलं. 'चुका : शून्य' असं पडद्यावर आलं. ती समाधानाने चिपा, म्हणजे चीजची भाकरी, खायला बसली.

दुपारी बाराच्या निधनवार्ता संगणकच लावायचा. फोल्डरात त्या तारखेचं जे असेल ते उचलायचं आणि वाजवायचं, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी गावात कोणीच मेलं नव्हतं. तरीही हार्पचे रडवे सूर निघाले, "अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की..." झालं, आणि पाठोपाठ गावातल्या म्हाताऱ्या न्या देओलिंदाचा ('न्या' म्हणजे बाई) आवाज आला, "क्रेसेन्सिओ, आज तुला ऐंशी पुरी झाली! लई केलंस रे आमच्यासाठी. तुला आम्ही कधी विसरणार नाही." मग धीरगंभीर समारोप : "ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो."

विल्फ्रिदाच्या घशात चिपा अडकली.

"पोरी, हे काय केलंस?" ब्राउलिओ ओरडत आले. "साडेबाराला शुभेच्छा आहेत. तेवढ्यात सरळ कर!"

घाईत तिने निधनवार्तांचा अख्खा फोल्डरच वाढदिवसांत ओतला. साडेबाराला पोल्का वाजला, टाळ्या पडल्या, निवेदिका खिदळली, "आज आनंदाचा दिवस!" आणि लगेच "अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की" पासून "शांती देवो" पर्यंत सगळं पुन्हा झालं. शेवटी परत टाळ्या.

गावाला त्या टाळ्यांत काही वावगं वाटलं नाही. क्रेसेन्सिओ निवृत्त फुटबॉल पंच होते.

ते स्वतः अंगणात मांस भाजत होते. धुरात रेडिओ ऐकू आला नव्हता. शेजारची न्या ओब्दुलिया काळे कपडे घालून आली आणि त्यांचा हात हातात धरून म्हणाली, "धीर धरा, काराई. फार चांगला माणूस गेला."

"कोण?"

"तुम्ही," ती म्हणाली, आणि मग किंचाळली.

पण तोवर फाटकाशी रांग लागली होती. सुतार टेप घेऊन आला. "आलोच आहे तर शवपेटीचं माप घेऊन ठेवतो," तो म्हणाला. "उभे राहा जरा. बसून चुकतं." जुन्या संघाचा कप्तान एलाडिओ तर डोळ्यांना रुमाल लावून आत आला तो थेट पायरीवरच कोसळला. "ती पेनल्टी बरोबर होती रे! चाळीस वर्षं उगाच शिव्या घातल्या तुला!"

क्रेसेन्सिओंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एलाडिओने वर पाहिलं.

"बरोबर नव्हती!" तो उसळून म्हणाला.

एवढ्यात ब्राउलिओ आणि विल्फ्रिदा धापा टाकत पोचले. नोकरी गेली हे विल्फ्रिदाने वाटेतच गृहीत धरलं होतं.

"काराई, माफ करा," ती म्हणाली. "एक वाजता दुरुस्ती लावते. तुम्ही जिवंत आहात म्हणून सांगते सगळ्यांना."

"खबरदार!" क्रेसेन्सिओ हातातला चिमटा उगारत म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी तिला बाजूला घेतलं. "पाच पोरं मला. सकाळी पाचही जणांनी फोनवर केकचं चित्र पाठवलं. खऱ्या केकला कोणाला सवड नव्हती. आता शेजाऱ्यांनी फोन करून मी गेल्याचं कळवलं, तर पाचही निघालीत. थोरली असुन्सिओनहून बसमध्ये बसलीय, रडतेय म्हणे. तू दुरुस्ती लावलीस तर पहिल्या थांब्यावर उतरतील."

"पण काराई, हे खोटं..."

"मी कुठं खोटं बोललो? रेडिओ बोलला. निकाल सामना संपल्यावर सांगायचा असतो."

ब्राउलिओंनी विल्फ्रिदाकडे पाहिलं. "यंत्र बिघडलंय," ते ठरवून टाकल्यासारखं म्हणाले. "उद्यापर्यंत काही दुरुस्त होत नाही."

पाच वाजता पाचही जण काळ्या कपड्यांत फाटकातून आत आले. वडील टेबलाच्या टोकाला बसून बरगड्या कापत होते. थोरली ओरडली, दुसरा मटकन खाली बसला, धाकटीने सलग दहा मिनिटं बापाला शिव्या दिल्या आणि मग ताट पुढे केलं. थोड्या वेळाने कोणीतरी गिटार आणली. सुतारसुद्धा जेवायला थांबला.

विल्फ्रिदा निघाली तेव्हा न्या देओलिंदाने तिला हळूच स्वयंपाकघरात ओढलं.

"पोरी, सप्टेंबरात माझा वाढदिवस आहे."

"न्या देओलिंदा, शपथेवर सांगते, असं परत होणार नाही."

"अगं, मला मारू नकोस," म्हातारी कुजबुजली. "मेलेल्या माणसाकडे पोरं दोन दिवस राहतात. मला नुसतं अत्यवस्थ कर. महिनाभर हलणार नाहीत."