निरक्षर पाहिजे

गल्लीत एकही निरक्षर माणूस उरलेला नाही हे कळल्यावर हंबीररावांना समाजाच्या प्रगतीचं फार वाईट वाटलं.

हंबीरराव दूध संस्थेत वीस वर्षं कारकून होते आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रौढांसाठीच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसले होते. पेपर कसेबसे निघाले. राहिला होता 'सामाजिक बदल' या विषयाचा प्रकल्प. एक निरक्षर शोधायचा, त्याला साक्षर करायचं, आधीचा अंगठा आणि नंतरची सही अहवालाला जोडायची. मे महिन्यात त्यांच्या राजनंदिनीचं लग्न होतं. पत्रिकेत व्याह्यांच्या नावापुढं बी.कॉम. येणार होतं आणि हंबीररावांच्या नावापुढं नुसता स्वल्पविराम.

शेवटी कुणीतरी गंगावेशीतल्या धोंडुबाईंचं नाव सांगितलं. बाईंच्या चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकायच्या. हंबीरराव गेले तेव्हा त्या म्हशीला वैरण टाकत होत्या.

"मावशी, तुमास्नी लिवाय-वाचाय येतंय?"

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "बी.ए. का एम.ए.?"

"बी.ए."

"मग न्हाय येत."

"म्हंजे?"

"आरं, तुज्याआधी सात जण झालं की. दर सालाला एक येतोय. आधी अंगठा देती, दोन म्हैन्यांनी सही देती. बदल्यात न्हरसोबाच्या वाडीला न्यायचं. तुमच्या कागदात शैक्षणिक सहल असती, त्यात बसतंय ते." बाईंनी वैरण सारखी केली. "आन् फुडं अनुक्रमणिका लाव. मागल्या सालच्या पोरीनं लावली न्हवती, मार्क कापलं तिचं."

हंबीररावांना मनातून जरा चुटपुट लागली, पण वहीत त्यांनी 'अनुक्रमणिका' लिहून घेतलं.

जानेवारीत सर तपासणीला येणार होते. पहिल्या भेटीत बाई खरोखर निरक्षर असल्याची खात्री व्हायची होती.

"पुस्तक उलटं धरू?" बाईंनी विचारलं.

"नको मावशी, लई हुतंय ते."

"एकानं धराय लावलतं. सरांच्या डोळ्यात पाणी आलतं."

यंदा सर नवे होते, प्राध्यापक डॉक्टर संगमेश. ते गोठ्याच्या दारातच थबकले.

"धोंडुबाई?"

"आगं बया, संगमेश न्हवं तू? ढेरी सुटली की तुला."

झालं होतं असं, की दहा वर्षांपूर्वी याच संगमेशनं धोंडुबाईंना खरोखर लिहायला-वाचायला शिकवलं होतं आणि त्यावर पीएचडी मिळवली होती. प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे अथपासून इतिपर्यंत धोंडुबाई, फोटोसकट.

"या निरक्षर?" सरांनी हंबीररावांकडं बघितलं. "यांना वाचता येतं. मी सिद्ध केलंय. दोनशे बारा पानांत."

"न्हाय येत, सर. मी सोता तपासलंय."

"यांना येत नसेल तर माझी पीएचडी खोटी ठरते."

"आन् येत असंल तर माझी पत्रिका अडती."

सरांनी पिशवीतून पेपर काढून बाईंच्या हातात दिला. "वाचा."

"मावशी, नका वाचू," हंबीरराव कळवळले.

बाईंनी चष्मा लावला, पहिलं पान मनातल्या मनात सावकाश वाचलं, घडी घातली आणि पेपर परत दिला.

"काय लिहिलंय त्यात?" सरांनी विचारलं.

"तुमाला वाचाय येत न्हाय व्हय?"

मग बाईंनी पदर खोचला.

"हंबीरा, दुधाच्या हापिसात किती वरसं हाईस?"

"वीस."

"म्हशीची धार काढाय येती?"

म्हशीनं रवंथ थांबवला.

"न्हाय," हंबीरराव जमिनीकडं बघत म्हणाले.

"घ्या मास्तर. गावला तुमचा निरक्षर."

सरांनी नियमावली काढली. पान नऊवर स्पष्ट लिहिलं होतं, की विद्यार्थी समाजाकडूनही शिकू शकतो. हे पान आजवर कुणीच उघडलं नव्हतं. दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. मग फॉर्म नव्यानं भरला गेला. शिक्षिका: धोंडुबाई. लाभार्थी: हंबीरराव. पूर्वज्ञान: शून्य. शिक्षिकेच्या रकान्यात बाईंनी लफ्फेदार सही ठोकली. लाभार्थ्याच्या रकान्यात हंबीररावांनी अंगठा उठवला.

पुढचे दोन महिने ते रोज सकाळी कचेरीआधी म्हशीखाली बसले. सामाजिक बदलाची म्हशीला काहीच कल्पना नसल्यामुळं तिनं बादली अकरा वेळा आणि हंबीररावांना चार वेळा लाथाडलं. मार्चमध्ये सरांसमोर अखेरची परीक्षा झाली. तांब्याच्या तळाला दूध दिसलं. बाईंनी पन्नासपैकी एकोणीस दिले.

"पास व्हायला वीस लागतात हो," सर हात जोडून म्हणाले.

"हात अजून आखडतोय त्येचा." बाईंनी विचार केला. "बरं, एक म्हशीकडनं घ्या. तिनं लई सोसलंय."

असे वीस झाले. पत्रिका छापली. 'श्री. हंबीरराव, बी.ए.' पहिली पत्रिका घेऊन ते व्याह्यांकडं, अमरसिंहांकडं गेले. धोंडुबाईंना मुद्दाम बरोबर नेलं. गुरू म्हणून मान होता तो.

अमरसिंहांनी पत्रिका वाचली. पुन्हा वाचली. "वा व्याही, ह्या वयात? कंच्या कालिजात?"

हंबीरराव घसा खाकरेपर्यंत बाई बोलून गेल्या, "माज्या गोठ्यात."

हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. आता हसणार, असं त्यांना वाटलं. पण अमरसिंह हसले नाहीत. त्यांनी बाईंना ओसरीच्या कोपऱ्यात नेलं आणि खालच्या आवाजात विचारलं,

"मावशी, एम.कॉम.ला जागा हाय?"

"हाय की," बाई म्हणाल्या. "पर पैल्यांदा शेण भराय लागंल. प्रवेश परीक्षा असती ती."